आमचे व्याही आणि न करपवणारी कॉइल

आमचे व्याही मेल्यावर स्वर्गात जाणार याबद्दल त्यांच्या चर्चच्या फादरांना, माझ्या बायकोला आणि मला तिळमात्र शंका नाही. पण तिथे पोचल्यावर ते पहिली चौकशी करतील ती नरकाची. खालच्या त्या कढया कशावर तापवतात, आच सगळीकडे सारखी लागते की मधेच जास्त, आणि तळाला काही करपतं का, एवढं विचारल्याशिवाय ते दारातून आत पाऊल टाकायचे नाहीत. उत्तरं समाधानकारक मिळाली नाहीत तर शर्टाच्या खिशातला टेस्टर चाचपत म्हणतील, "मी जरा बघून येतो," आणि मग हा पुण्यवान माणूस जेवायची वेळ टळून गेली तरी वर यायचा नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा नेमकं असंच झालं होतं.

त्याचं असं झालं, की आमच्या मुलीने त्यांच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं. दोघं एकाच ऑफिसात. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, आता वसईजवळच्या आचोळ्याच्या एका सोसायटीत स्थिरावलेले, आणि मी शाळेत जन्मभर भूमिती शिकवून नुकताच निवृत्त झालेला. ते वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातले जुने ख्रिस्ती. केळीची वाडी, विहीर, अंगणात क्रूस. लग्न कुठे लावायचं, धर्माचं काय, पुढे मुलांची नावं काय ठेवायची, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या बायकोने तयार केली होती आणि आठवडाभर माझ्याकडून पाठ करून घेतली होती. व्याही आले, पाणी प्यायले, पंख्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, तुमच्या बिल्डिंगला थ्री फेज आहे का?" याचं उत्तर आम्ही पाठ केलेलं नव्हतं. मग हात धुवायचे म्हणून ते बाथरूममध्ये गेले ते बाहेरच येईनात. पोहे गार झाले. विहीणबाई अगदी शांत होत्या. नवऱ्याला डायबेटिस आहे हे जसं चारचौघांत सांगतात तशा सुरात त्यांनी सांगितलं, की ते गिझर बघत असतील. शेवटी बाह्या भिजवून व्याही बाहेर आले, आम्हा सगळ्यांकडे गंभीरपणे बघून म्हणाले, "फार दिवस टिकणार नाही." माझ्या बायकोने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. ते आमच्या गिझरच्या कॉइलबद्दल बोलत होते. त्याच आठवड्यात ती उडाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी कॉइल घेऊन व्याही स्कूटरवरून आचोळ्याला हजर. ती बसवून, गरम पाण्यात स्वतःचं बोट बुडवून, चहा घेऊन ते गेले. आमच्याकडे सुपारी फुटली ती अशी.

पोटासाठीही त्यांनी आयुष्यभर कॉइलच केल्या. वसई पूर्वेला कारखान्यांचे गाळे आहेत, त्यातल्या एका गाळ्यात गिझरच्या कॉइल बनतात. तिथे ते तार गुंडाळायला म्हणून लागले आणि कुठल्या कॉइलला किती तार, किती लांब नळी, ती कुठे नि कशी वाकवायची, हे ठरवणारा मुख्य माणूस म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मालकांनी त्यांना घड्याळ दिलं. उत्तरादाखल भाषण करताना व्याह्यांनी मालकांच्या घरचा गिझर कधी बसवला आणि तो अजून कसा चाललाय एवढंच सांगितलं आणि डोळे पुसत खाली बसले. तेव्हापासून अख्खी वसई त्यांचा कारखाना झाली आहे. मयताला गेले तरी चहाच्या मोठ्या भांड्यात सोडलेला रॉड कण्हतोय हे त्यांना रडण्याच्या आवाजातूनही ऐकू येतं. लग्नाला गेले की नवरा-नवरी राहतात स्टेजवर आणि हे हॉलच्या मागे कॅटररच्या माणसाला अर्थिंगचं महत्त्व पटवत असतात. मी दंड धरून त्यांना पुढे आणतो, आणि फोटोत ते असे दिसतात की जणू त्यांचं काहीतरी गॅसवर राहिलंय.

त्यांचा सिद्धांत तसा एका वाक्याचा आहे आणि तो ऐकायला माणूस शिकलेला असावा अशी त्यांची अट नाही. पाचूबंदरहून मासळीची पाटी घेऊन एक कोळीण त्यांच्या दारी येते. तिलाही त्यांनी तो माझ्यादेखत समजावला होता. चुलीतला विस्तव एका जागी ठेवला तर भाजतो, तोच अंगणभर पसरला तर नुसता शेक बसतो. कॉइलचंही तेच, वॅट तेवढेच ठेवायचे आणि अंग वाढवायचं. ती बाई पापलेटं पालथी करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "घेनार का नाय? बर्फाचं पानी झालं." घेतली त्यांनी. पण ती वळल्यावर मला म्हणाले, बाई हुशार आहे, मुद्दा लगेच पकडला तिने.

पडवीत इतरांच्या घरी कुंड्या टांगलेल्या असतात, यांच्याकडे कॉइल टांगलेल्या आहेत. जिलबीसारख्या, नागमोडी, आकड्यासारख्या, काही चकचकीत, काही पांढऱ्या खडूसारखा थर चढून मेलेल्या. तो थर म्हणजे आमच्या इकडच्या बोअरचं पाणी. त्याच्याविषयी व्याही बोलायला लागले की विहीणबाई लहान मुलांना आत नेतात. आमची मुलगी त्या कॉइलवर खुशाल ओले रुमाल वाळत घालते आणि त्यांची त्याला ना नसते. प्रत्येक कॉइलला त्यांनी माणसाचं नाव दिलेलं आहे. बटण दाबताच तापते आणि तितक्याच लवकर उडते ती त्यांची मेहुणी. आवाज फार आणि पाणी कोमट, ते त्यांचे एक मामा. सगळीकडे सारखी आच देते पण सुरू व्हायला वेळ घेते, ते फादर. हे सगळं ते त्या त्या माणसासमोरही सांगतात, आणि गंमत म्हणजे कुणाला राग येत नाही. मेहुणीबाई तर आल्या की आधी आपली कॉइल अजून टांगलेली आहे ना ते पाहून घेतात.

एकदा रविवारी दुपारी, सगळी आळी क्रिकेटची मॅच बघत असताना, वीज गेली. माणसं बाहेर आली. व्याहीही आले, आणि वीज कंपनीला त्यांनी इतकं मनापासून फैलावर घेतलं की शेजारच्या म्हातारबाबांनी त्यांना पाणी आणून दिलं. मग लाइनमन आला, खांबावर चढला, उतरला आणि कुणाला काही न विचारता सरळ व्याह्यांच्या विहिरीजवळच्या शेडकडे चालू लागला. आत एकाच प्लगवर तीन कॉइल लावलेल्या होत्या. त्या दिवसापासून आळीत कुणाच्याही घरचा बल्ब गेला तरी आधी या शेडकडे बघायची पद्धत पडली आहे.

या शेडमध्ये काय चालतं ते आता सांगायला हवं. त्यांच्या घराण्यात नाताळाला, लग्नाला, बाप्तिस्म्याला जवाची बीअर करतात. तिला बीअर कुणी म्हणत नाही, 'घरचं' म्हणतात. त्यांची आई करायची. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, मोठ्या तांब्याच्या टोपात चुलीवर तासन् तास उकळायचे, गाळायचं, मग गूळ आणि आलं घालून बरण्यांत आंबवत ठेवायचं. व्याही लहान असतानाच आई गेली आणि घरचं बंद पडलं. ते पुन्हा सुरू केलं आमच्या व्याह्यांनी, मुलाच्या लग्नासाठी. अर्थात चूल नाही, लाकडं नाहीत. स्टीलचं पिंप आणि त्यात कॉइल. घराण्याची रीत अशी, की पहिला पेला घरातल्या थोरल्याने घ्यायचा, आणि तो घेतल्याशिवाय दुसऱ्या कुणी ओठाला लावायचा नाही. घरातले थोरले म्हणजे व्याह्यांचे वडील भाऊ. त्याच अंगणात समोर त्यांचं घर. बायको गेलेली, मुलं परदेशी, स्वतः अजून वाडीत केळीला पाणी सोडणारे. दोघा भावांत पंधरा वर्षांचं अंतर. बाप लवकर गेला, तेव्हा धाकट्याची शाळेची फी, चर्चची कापडं, कारखान्यातली नोकरी, सगळं थोरल्यांनीच बघितलेलं. व्याही एवढे बडबडे, पण थोरल्यांसमोर त्यांचा आवाज कायम शाळकरी मुलासारखा व्हायचा.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडव भरलेला होता. व्याह्यांनी स्वतः पिंपाची तोटी सोडली, पेला भरला, दोन्ही हातांनी थोरल्यांना दिला. थोरल्यांनी एक घोट घेतला. थांबले. मग म्हणाले, "खाली लागलंय," आणि भरलेला पेला टेबलावर ठेवून, काठी उचलून, सगळ्या मांडवादेखत अंगण ओलांडून आपल्या घरात गेले. दार लोटून घेतलं. बँडवाले वाजवायचे थांबले होते. मी नवा माणूस, मला वाटलं ही पण एक रीतच असेल, म्हणून मी आदराने उभा राहिलो.

न करपवणं हाच ज्याचा जन्माचा धंदा, त्याला थोरल्या भावाने भरमांडवात सांगावं की तुझं खाली करपलंय. व्याही दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हसले, फोटो काढले, जेवले. पण ती कॉइल त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली आणि कुणाच्या तरी तोंडी थोरल्यांना निरोप पाठवला, की ज्यांना चव कळत नाही त्यांनी घोट घ्यावा कशाला. थोरल्यांनी निरोप ऐकला आणि एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. झालं, अबोला पडला. आता विहीर सामाईक, पंप सामाईक, पंपाचं बटण थोरल्यांच्या घरात आणि पाण्याचा कॉक व्याह्यांच्या दारात. त्यामुळे रोज सकाळी "त्यांना सांगा बटण दाबायला" आणि "त्यांना सांगा कॉक फिरवायला" अशी ये-जा चालायची, आणि मी मुलीला भेटायला गेलो की ते काम माझ्याकडे यायचं. अंगणाच्या मधोमध उभा राहून मी दोन्हीकडचे निरोप पोचवत असे. दोघांनाही एकमेकांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत असे.

करपण्याचं कारण व्याह्यांना त्याच रात्री कळलं होतं, आणि ते त्यांनी फक्त मला सांगितलं. त्यांनी पिंपात बसवलेली कॉइल होती गिझरची, त्यांच्या हातची सगळ्यात चांगली. पण गिझरमध्ये नुसतं पाणी असतं. पाणी बिचारं कितीही तापलं तरी कॉइलला चिकटत नाही. जवाच्या पाण्यात पीठ असतं, साखर असते, आणि आखूड कॉइलवर आच एकवटली की ते तिथेच धरतं आणि करपतं. उभ्या वसईला पाणी तापवून देणाऱ्या माणसाने जवाची पेज पाण्यासारखी तापवली, एवढीच ती चूक. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. पुन्हा कधीतरी घरात काही शुभ निघावं, थोरल्यांच्या हातात पेला द्यावा, आणि त्यांनी तो खाली ठेवू नये. बाकी कशासाठी ते इतकी वर्षं त्या शेडमध्ये घामाघूम झाले नाहीत.

यात माझा बळी गेला तो भूमितीमुळे. चौरस सेंटीमीटरला किती वॅट पडतात हे काढायचं तर नळीचं पृष्ठफळ हवं, आणि व्याह्यांच्या मते पृष्ठफळ काढण्याचा हक्क फक्त निवृत्त शिक्षकाला असतो. वर्गात ज्या सूत्राने मी पोरांना रडवलं त्याच सूत्राने माझ्या म्हातारपणी माझी सकाळची झोप उडवली. फोन यायचा, "सर, नळी दीडपट लांब केली आणि थोडी बारीक घेतली, तर?" मी चहा गार होईपर्यंत आकडे सांगत बसायचो. शिवाय चव घ्यायलाही मीच. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. पण आंबायच्या आधी ते नुसतं जवाचं गोड सार असतं, असं व्याह्यांनी मला पटवलं, आणि बायकोला मी. घरी गेलो की ती तरीही तोंडाचा वास घ्यायची. एकदा मला तीन वेळा दुमडलेल्या कॉइलचे फायदे सांगण्याच्या नादात पिंप भरण्याआधीच त्यांनी बटण दाबलं. कोरडी कॉइल लालबुंद झाली, पिंपाची प्लास्टिकची तोटी वितळून खाली आली, आणि शेडमधल्या कोंबड्या त्या दिवसापासून अंडी द्यायला शेजारी जाऊ लागल्या. यात दोष माझा ठरला, कारण मी मधेच प्रश्न विचारला होता. विहीणबाईंनी धूर पाहिला, शेडच्या दाराशी आल्या, आणि थोरल्यांच्या घराकडे बोट करून एवढंच म्हणाल्या, "तिकडे चालत गेलात तर बारा पावलं आहेत. एवढी तार लागत नाही."

पण चालत जाणं व्याह्यांना जमणारं नव्हतं. कॉइल मात्र जमली. लांबलचक, पिंपाच्या तळाशी सगळीकडे फिरलेली, अंग इतकं मोठं की आच कुठे आहे हेच जवाला कळू नये. पिंप उकळून झालं की ते कॉइल बाहेर काढायचे आणि पांढऱ्या रुमालाने पुसायचे, आणि रुमाल पांढराच राहायचा. त्या दिवशी त्यांनी कॉइलचं नाव ठेवलं 'सर'. मला भरून आलं. तापायला वेळ लागतो, पण कुणाला चटका बसत नाही, असं त्यांनी त्याचं कारणही सांगितलं. घरी येऊन मी बायकोला विचारलं, की ही स्तुती समजायची का. ती म्हणाली, पहिलं अर्धं तर खरं आहे.

आणि मग आम्हाला नातू झाला. बाप्तिस्म्याचा दिवस ठरला, घरचं करायचं ठरलं, आणि रीतीप्रमाणे पहिला पेला थोरल्यांचा. बोलावायला अर्थात मला पाठवलं. थोरले वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होते. मी सगळं नीट मांडून सांगू लागलो, तर त्यांनी कोयता थांबवून मला अडवलं. "रीत हाय, सर," म्हणाले. "येईन."

ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आता वय ऐंशीच्या पुढे. सगळे जवळ सरकले, अगदी लहान मुलंसुद्धा, कारण लग्नाची गोष्ट त्यांनीही ऐकलेली होती. व्याह्यांनी पेला दिला आणि थोरल्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. थोरल्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, मग सगळा पेला संपवला आणि रिकामा पेला व्याह्यांच्या हातात दिला. व्याह्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हे सगळ्यांना मिठ्या मारत सुटतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते भावाशी थेट बोलले. "लागलेलं नाही ना?"

"नाय," थोरले म्हणाले. "कायच लागलेलं नाय. चांगलं हाय. दुकानातल्यासारखं हाय." मग ते खुर्चीवर बसले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत म्हणाले, "आयच्या टोपाला खाली लागायचं. दर नाताळाला. बाबा ओरडायचे तिला, पन दुसऱ्या कुनाच्या घरचं त्यांना चालायचं नाय. तुला आठवनार नाय, तू ल्हान होतास. तुझ्या पोराच्या लग्नात तू दिलंस ना, बारक्या, ते तसं होतं. पहिल्या घोटाला आय समोर आली. मांडवात सगळ्यांदेखत रडायचं कसं, म्हनून उठलो."

रिकामा पेला घेऊन व्याही शेडकडे चालू लागले. पाहुण्यांनी पेले भरून घेतले, गाणी सुरू झाली, आणि थोड्या वेळाने मी त्यांच्यामागे गेलो. ते उलट्या बादलीवर बसले होते आणि समोर 'सर' ही कॉइल चकाकत होती. "मी ते बरोबर केलं होतं, सर," ते म्हणाले. "पहिल्याच वेळेला. आणि एवढी वर्षं दुरुस्त करत बसलो." मग ते रडले. मीही रडलो, भूमितीच्या माणसाला रडताना कुणी बघू नये म्हणून मी शेडचं दार लोटून घेतलं.

यानंतर सुरू झालं ते आधीच्यापेक्षा अवघड होतं. सगळं आयुष्य चांगली कॉइल करण्यात गेलेल्या माणसाला आता वाईट कॉइल करायची होती. फोन यायचा, "सर, पृष्ठफळ कमीत कमी किती करता येईल?" आणि हे विचारताना त्यांचा आवाज चोरी करायला निघाल्यासारखा व्हायचा. लग्नातल्यासारखीच गिझरची कॉइल त्यांनी कारखान्यातून पुन्हा आणली, पण त्या दिवशी गडबडीत जव किती जाड भरडले होते, ढवळलं किती, हे कुणाला आठवत होतं. ती कॉइल नुसती करपवायची. मग आखूड कॉइल करायला घेतली तर हाताला सवय नाही, नकळत नळी लांबच होऊन बसायची. गाळ्यातली मुलं हसायची. म्हणायची, काकांना आता साधी कॉइलपण जमत नाही. एकदा जमली ती अशी जमली की पिंपातून डांबर निघालं. थोरल्यांनी ते नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "ही आय नाय. ही आपली आत्या." हे ऐकून विहीणबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. घरात आल्यापासून त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं, असं आमची मुलगी म्हणते.

आता दर पंधरवड्याच्या शनिवारी सकाळी थोरले अंगण ओलांडून शेडमध्ये येतात. बादली त्यांची, पाट व्याह्यांचा, आणि मला एक मोडकी खुर्ची. व्याही वाटीत सार काढून देतात. थोरले घोट घेतात, डोळे मिटतात, बराच वेळ तोंडात घोळवतात. मग म्हणतात, "जवळ आलास, बारक्या. जरासं ऱ्हायलं." मग जरासं म्हणजे किती, आई ढवळायची कशाने, गूळ आधी घालायची की नंतर, असं सुरू होतं. त्यातून आई निघते, बाबा निघतात, वाडीतला जुना रहाट निघतो, धाकट्याला खांद्यावर बसवून सणाला नेलेलं निघतं, आणि विहीणबाईंनी जेवायला हाक मारली तरी दोघं उठत नाहीत. पंपाचं बटण अजून थोरल्यांच्या घरात आहे आणि कॉक व्याह्यांच्या दारात, पण आता निरोप कुणी पोचवत नाही. दोघं अंगणातूनच एकमेकांवर ओरडतात. माझी एक नोकरी गेली.

मध्यंतरी एकदा थोरले मला फाटकापर्यंत सोडायला आले. काठी टेकून थांबले आणि हळूच म्हणाले, "सर, खरं सांगू? आयच्या हातची चव मला आता नीट आठवत नाय. ईस्टरला केलेलं बहुतेक तेच होतं. पन हो म्हनालो, तर बारक्या कॉइल पुसून ठेवून देईल. मग मला कोन बोलावनार?" मी फाटकाची कडी लावली आणि निघालो. त्याच्या पुढच्या खेपेला व्याही मला स्टेशनला सोडत होते, तर स्कूटर सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता म्हणाले, "ईस्टरपासून मी कॉइल बदललेलीच नाही, सर. तीच आहे. ते म्हणतात जरासं राहिलं. राहू दे." सिग्नल सुटलाय, एवढंच मी त्यांना सांगितलं. आयुष्यात प्रथमच माझ्याकडे दोन बाजू होत्या आणि मला काही सिद्ध करायचं नव्हतं.

त्या कॉइलला अजून नाव नाही. ती पडवीत टांगलेली नसते, शेडमध्ये कापडात गुंडाळून ठेवलेली असते. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, जिचा फोटोसुद्धा त्या घरात नाही, तिच्या टोपाला खाली कसं लागायचं ते आता माझ्या जिभेला ओळखीचं झालंय. थोरल्यांना बादलीवरून उठताना हल्ली दोघांचा आधार लागतो. कधीतरी घरात काही शुभ निघेल आणि पहिला पेला व्याह्यांना उचलावा लागेल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. वाटी थोरल्यांकडून माझ्याकडे येते, व्याही माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मीही आता घोट घेऊन, डोळे मिटून, जरासं राहिलंय असंच सांगतो.